मदत हवी आहे: एटीएम व्हर्च्युअल ट्रंक 'अप' दिसतो, पण मोठी पॅकेट पोचत नाहीत

प्रश्न
दोन एटीएम (माहिती ५३ बाइटच्या छोट्या 'सेल'मधून नेणारी जाळ्याची पद्धत) स्विच सेवादात्याच्या जाळ्यातून व्हर्च्युअल ट्रंकने (त्या जाळ्यातून काढलेल्या आभासी जोडणीने) जोडले आहेत. दोन्हीकडे एसटीएम-१ (१५५ एमबीपीएसचे) पोर्ट, यूएनआय (ग्राहक आणि जाळे यांच्यामधला जोड). १० एमबीपीएसचा व्हीपी (व्हर्च्युअल पाथ, अनेक जोडण्यांचा एकत्र मार्ग). अलीकडे व्हीपीआय (त्या मार्गाचा क्रमांक) १२, पलीकडे २७. करारात पीसीआर (सेलचा कमाल वेग) २३,५८४ सेल प्रतिसेकंद, सीडीव्हीटी (सेल वेळेआधी आला तर चालणारी सूट) ५० मायक्रोसेकंद, जादा सेल टाकून देणार. एफ४ लूपबॅक (व्हीपी चालू आहे का ते तपासणारा सेल) परत येतो, पीएनएनआयचे हॅलोही (स्विच एकमेकांना पाठवतात ते ओळखीचे संदेश) येतात-जातात. पिंग मात्र साधारण ६०० बाइटपर्यंतच जातो, त्यापुढे एकही नाही. शेपरला (सेल ठरलेल्या वेगाने सोडणाऱ्या यंत्रणेला) २६,०४१ दिले आहे. व्हीपीआय वेगळे असल्यामुळे होत असेल का?

प्रतिसाद १
नाही. व्हीपीआय जाळ्यात बदलतोच; दोन्हीकडे सारखा लागतो तो व्हीसीआय (व्हीपीच्या आतल्या एकेका जोडणीचा क्रमांक), कारण व्हीपी स्विच त्याला हात लावत नाही. चूक शेपरमध्ये आहे. २६,०४१ हा आकडा १ कोटी बिटना ३८४ ने भागून आलाय, म्हणजे सेलचे ४८ बाइटच धरलेत. हेडरचे ५ धरून ४२४ ने भागा, २३,५८४ येतील.

आता ६०० बाइटचं कोडं बघा. तुमच्या सेलमधलं अंतर ३८.४ मायक्रोसेकंद, करारात ४२.४. दर सेल ४ मायक्रोसेकंदांनी लवकर येतो आणि ही घाई साठत जाते. तेराव्या सेलला ती ४८ होते, चौदाव्याला ५२, आणि तो सेल पॉलिसिंगमध्ये (सेवादाता करारातला वेग तपासतो तिथे) उडतो. १३ सेल म्हणजे ६२४ बाइट. एएएल५ ट्रेलर (पॅकेट सेलमध्ये तोडताना शेवटी जोडलेली माहिती) आणि एलएलसी-स्नॅप (आत कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणारं हेडर) यांचे मिळून १६ वजा करा, उरले ६०८. १५०० बाइटच्या पॅकेटला ३२ सेल लागतात. त्यातला एक गेला तरी सीआरसी (पॅकेट अखंड आलं का ते तपासणारा आकडा) चुकतो आणि अख्खं पॅकेट जातं. पॅकेटचा शेवटचाच सेल गेला तर पुढचं पॅकेट त्याला चिकटतं आणि दोन्ही वाया. लूपबॅक एकट्या सेलचा, म्हणून तो सुखरूप जातो. ट्रंक 'अप' आहे यावर म्हणूनच विसंबू नका, पलीकडचा एएएल५ सीआरसी काउंटर बघा.

प्रतिसाद २
एक भर. एसटीएम-१ वर सेकंदाला ३,५३,२०७ सेल मावतात, एक स्लॉट २.८३ मायक्रोसेकंदांचा. दर १५ स्लॉटना एक सेल सोडला की २३,५४७ होतात. हाच आकडा द्या, म्हणजे स्लॉट पुढेमागे होत नाहीत. आणि शेपिंगनंतर गर्दी तुमच्याच बफरमध्ये साठेल, तिथे ईपीडी (अर्ली पॅकेट डिस्कार्ड) चालू करा. टाकायचंच तर अख्खं पॅकेट टाकलेलं बरं, सुटे सेल नकोत.

धागाकर्ता
२३,५४७ दिले. पलीकडचे सीआरसी थांबले, पण मोठ्या पिंगचं उत्तर अजून येत नाही.

प्रतिसाद १
पॉलिसिंग जाळ्यात शिरतानाच होतं, प्रत्येक दिशेला वेगळं. पलीकडच्या शेपरलाही हाच आकडा द्या.