पुढचा नेमका कोणता पाय दुखतोय?

प्रश्न
घोडी साध्या चालीत ठीक वाटते, पण दुडकीला लावली की आखडते. सूज नाही, जखम नाही. चार दिवसांपूर्वी नाल बदलली आहे. डॉक्टर उद्या येतील. तोपर्यंत पाय कोणता आणि दुखणं खुरात की वर, हे कसं पाहू?

प्रतिसाद
डोक्याकडे बघा. कडक, सपाट जमिनीवर कुणाला तरी तिला सरळ रेषेत दुडकवत आणायला सांगा. दोर सैल हवा, ताणला तर डोकं हलत नाही आणि खूणच जाते. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली. पुष्कळ जण नेमकं उलटं धरतात. दोन्ही पाय दुखत असतील तर डोकं हलणार नाही, पावलं मात्र आखूड पडतील. मागच्या पायाची शंका असेल तर मागून पुठ्ठे पाहा, दुखऱ्या बाजूचा जास्त वरखाली होतो.

प्रतिसाद
आता नाडी. खुराच्या वरच्या सांध्यामागे, आतल्या नि बाहेरच्या कडेला दोन बोटं हलकी टेकवा. निरोगी पायात ती जेमतेम लागते. एकाच पायात ठणठण उडत असेल तर दुखणं बहुधा खुरात. खुराची ऊब सावलीत बांधून मगच बघा, उन्हातले खूर तसेही तापतात.

चार दिवसांपूर्वीची नाल म्हणजे पहिला संशय खिळ्यावर. तो जिवंत भागात घुसला किंवा त्याला चिकटून गेला, तर लंगडणं काही दिवसांनीही दिसतं, आत पू धरतो. नालबंदाला एकेक खिळ्यावर हलकं ठोकायला सांगा. दुखऱ्यावर ती पाय झटकेल.

प्रतिसाद
ती उभी कशी राहते? मागचा एक पाय ढिला सोडणं नेहमीचंच, पण पुढचा पाय पुढे टेकवून ठेवणं नाही. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून भार मागे टाकत असेल आणि वळायला नको म्हणत असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. तो खुराच्या आतला दाह असू शकतो. दाणा बंद, फिरवणं बंद, खाली जाड मऊ अंथरूण, खूर बर्फाच्या पाण्यात.

प्रश्नकर्ता
रात्रीपुरतं वेदनाशामक देऊ का?

प्रतिसाद
डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय नको. औषधाने लंगडणं झाकलं तर उद्या तपासायला काही उरणार नाही, आणि बरं वाटून ती दुखऱ्या पायावर जास्त भार देईल.