शिरेतून दिलेल्या स्टेम सेल फुफ्फुसात रुजत नाहीत

स्टेम सेलचं (मूळपेशींचं) इंजेक्शन घेतलं की फुफ्फुसात नवे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, तयार होतात असं सांगितलं जातं; ते पटत नाही. १५ ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्या पेशी ७-८ मायक्रॉनच्या केशवाहिन्यांत नुसत्या अडकतात आणि बहुतेक काही दिवसांतच नष्ट होतात. खरी डागडुजी करतात वायुकोशांच्या अस्तरातल्याच टाइप-२ पेशी: त्या विभागतात, मग सपाट होऊन टाइप-१, म्हणजे वायूंची देवाणघेवाण करणाऱ्या पातळ पेशी, बनतात. पण गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या फुफ्फुसात व्रण धरला असेल, तर या टाइप-२ पेशींचा आधारच गेलेला असतो.

वडिलांसाठी हे इंजेक्शन घ्यावं का, असं विचारणाऱ्यांनी कृपा करून पैसे भरू नयेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीत, तोही विनाशुल्क. आधी त्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.