मुलीच्या एटीव्हीच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

ए-५०३, शनिवार, रात्री ९:१०
सोसायटीतील सर्व सभासदांना नमस्कार. मुळशीजवळच्या आमच्या शेतावर चालवण्यासाठी आम्ही १० वर्षांच्या मुलीकरिता ११० सीसीची एक जुनी एटीव्ही (कच्च्या जमिनीवर चालवायची, रुंद टायरची चारचाकी) घेतली आहे. येताना एका पंपावर चारही टायरमध्ये २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरून घेतली, परंतु आज ढेकळांच्या जमिनीवर गाडी चेंडूसारखी उसळत होती आणि एकदा तर तिच्या हातातून हँडल सुटता सुटता राहिले. आपल्यापैकी कोणाला या गाड्यांचा अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

सी-२०१, ९:१८
टायरच्या बाजूवर आकडा छापलेला असतो, तेवढी हवा भरावी. आमच्या कारला ३३ लागते, त्या हिशेबाने २५ काही जास्त वाटत नाही.

बी-७०४, ९:४१
ए-५०३, कृपया उद्या मुलीला बसवण्यापूर्वी हवा कमी करा; २५ हा आकडा या टायरसाठी फारच जास्त आहे. लहान मुलांच्या बहुतेक एटीव्हींना कंपनीने सांगितलेला दाब ३ ते ५ पीएसआयच्या आसपास असतो आणि काही मॉडेलमध्ये पुढच्या व मागच्या चाकांसाठी तो वेगवेगळा असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा चेसिसवरच्या किंवा मडगार्डवरच्या स्टिकरवर अथवा पुस्तिकेत मिळेल.

सी-२०१ यांच्या म्हणण्याबद्दल आदर राखून सांगतो की टायरच्या बाजूवरचा मोठा आकडा बऱ्याचदा टायर रिमवर चढवताना त्याची कड नीट बसावी म्हणून द्यायच्या कमाल दाबाचा असतो. तो गाडी चालवण्यासाठी नसतो. कारशीही तुलना करता येत नाही, कारण हे टायर रुंद, मऊ आणि हलक्या वजनासाठी बनवलेले असतात व खड्ड्यांचा बराचसा धक्का ते स्वतःच पचवतात. हवा जास्त झाली की टायर मध्यभागी फुगतो, जमिनीला फक्त मधली पट्टी टेकते आणि २५–३० किलोच्या मुलाच्या वजनाने तो जराही दबत नाही, त्यामुळे प्रत्येक ढेकूळ थेट मुलाच्या मनगटापर्यंत पोहोचते. माझ्या मुलाच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पंक्चर काढणाऱ्याने सवयीने २० भरले होते, आणि घरी आल्यावर मुलाचे दोन्ही तळवे लाल झालेले दिसले तेव्हा कुठे माझे लक्ष टायरकडे गेले.

मात्र म्हणून हवा अगदीच काढून टाकू नये. फार कमी हवेवर रिम दगडावर आपटते आणि वळणावर टायरची कड रिमवरून निसटू शकते.

ए-५०३, ९:५५
मनःपूर्वक आभार. स्टिकर पुसट झाले आहे. टायरवर १४५/७०-६ एवढेच वाचता येते. आमच्या कारच्या हवा मोजायच्या गेजची सुई १० च्या खाली काही दाखवत नाही.

बी-७०४, १०:१२
१४५/७०-६ हे केवळ माप आहे, त्यावरून दाब कळत नाही. मॉडेलचे नाव विक्रेत्याला विचारून पुस्तिका मिळवाच. तोपर्यंत ४ ठेवून गाडी अगदी सावकाश चालवू द्यावी. गेज ० ते १५ पीएसआयचे लागते, ते माझ्याकडे आहे. हवा सायकलच्या पंपाने भरा, कारण टायर इतका लहान आहे की कॉम्प्रेसरने काही क्षणांतच ती जास्त होते.

हवा सकाळी, गाडी सावलीत आणि टायर गार असताना मोजावी. पहाटे १५ अंशांना ३.५ भरलेला टायर दुपारी उन्हात ३५ अंशांपर्यंत तापला, तर दाब एक-सव्वा पीएसआयने वाढतो. कारच्या ३३ मध्ये तेवढ्याच तापमानवाढीने साधारण दहा टक्के फरक पडतो, इथे मात्र तो मूळ आकड्याच्या एक तृतीयांश होतो. गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि एकदाच दाबा. वारंवार मोजताना जी फुस्स होते, तेवढ्यानेही आकडा खाली येतो.

मागची दोन चाके या गाड्यांत बहुधा एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही टायरचा घेर सारखा नसेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि मूल नकळत हँडल उलट दिशेला धरून ठेवते. शिवणकामाच्या टेपने दोन्ही घेर मोजून पाहावेत.

डी-१०२, १०:२०
मुलांना आपल्या पेव्हर ब्लॉकवर ती चालवू द्यावी का?

बी-७०४, १०:२६
नाही, ताई. एका आसावरची चाके वळताना थोडी घसरावी लागतात. मातीत ती घसरतात, पण पेव्हरवर हे मऊ टायर पकड सोडत नाहीत, आणि गाडी कलंडू शकते. हवा कितीही बरोबर असली तरी हा धोका टळत नाही.

ए-५०३, रविवार, सकाळी ८:०५
गेज मिळाले, आभारी आहे. काल २५ भरूनही आज पुढचे उजवे चाक १५ पेक्षा कमी दाखवत होते. साबणाचे पाणी लावल्यावर व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले, म्हणून आतली पिन बदलून घेतली. सर्व चाकांत ४ ठेवल्यावर मागच्या डाव्याचा घेर १११ आणि उजव्याचा ११२ सेंटिमीटर भरला. उजव्यातली हवा अर्ध्या पीएसआयने कमी केल्यावर दोन्ही जवळपास सारखे झाले. मुलगी आता हेल्मेट घालून अंगणात फेऱ्या मारते आहे आणि हँडल सरळ राहते आहे. विक्रेत्याने पुस्तिकेचा फोटो दुपारी पाठवतो असे कळवले आहे; त्यात वेगळा आकडा असल्यास त्याप्रमाणे बदल करून इथे लिहीन.