मरणाची तारीख आधीच कळली तर? कथेतला माणूस आणि खरा माणूस

ओंजळ:
तीन वर्षांपासून एक विज्ञानकथा लिहितेय. तिच्या जगात अठरावं लागलं की रक्ताच्या एका थेंबावरून प्रत्येकाला मरणाची तारीख कळते. ती चुकत नाही आणि टळत नाही. मसुदा वाचणारे सगळे एकच विचारतात, ‘मग नायिका कोसळते कधी?’ ती कोसळत नाही. तिच्या वाट्याला एकोणचाळीस वर्षं आलेली असतात आणि ती ती नीट वापरते. तारीख कळली की माणूस मोडतो, हे आपण इतक्यांदा वाचलंय की ते तपासून बघणंच सोडून दिलंय, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षिताचं बघा. सातव्या दिवशी तक्षक डसणार हे कळल्यावर तो राज्य सोडून गंगेकाठी बसला आणि शुकाच्या तोंडून भागवत ऐकलं. ज्याने रागाच्या भरात ध्यानस्थ ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवला, तोच हा राजा. त्याला स्थिर केलं ते मुदतीने. मला माझी तारीख कळणार असेल तर हवी आहे. तुम्हाला?

अधिकउणे:
नको. आणि परीक्षिताची तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती भागवतातली. महाभारताच्या आदिपर्वात हाच राजा एका खांबावर उभारलेल्या महालात जाऊन बसतो, भोवती वैद्य, औषधं आणि मांत्रिकांचा पहारा ठेवतो. विष उतरवू शकणारा काश्यप त्याच्याकडे यायला निघालेला असतो, त्याला तक्षक वाटेतच धन देऊन परत फिरवतो. शेवटी फळातल्या किड्याच्या रूपाने मरण आत येतंच. माणूस तोच, मुदत तीच, आणि दोन ग्रंथांत दोन तऱ्हा. तेव्हा तुमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून परीक्षित चालणार नाही.

दुसरं, तुम्ही स्वतःचाच नियम शेवटपर्यंत ताणून बघितलाय का? तारीख टळत नसेल तर तारखेच्या आधी कुणी मरूही शकत नाही. एकोणचाळीस वर्षं हातात असलेली मुलगी आगीत शिरली तर मरणार नाही, पण भाजेल. तारीख श्वासाची हमी देते, हातापायांची नाही. मग अशा जगात खाणीत आणि युद्धावर कुणाला पाठवतील? ज्यांची वर्षं भरपूर शिल्लक आहेत त्यांना. आणि ज्याची तारीख उद्याची आहे त्याच्यासाठी कोण डॉक्टर रात्रभर झटेल? आज तो झटतो, कारण त्याला माहीत नसतं. हे सगळं बाजूला ठेवून एकट्या नायिकेचा शांतपणा दाखवला, तर मला ती कथा खोटी वाटेल.

रातपाळी:
मी शेवटच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करते. नातेवाईक रोज विचारतात, ‘किती दिवस?’ खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही हे नीट सांगता येत नाही. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा ४६८ रुग्णांचा अभ्यास आला होता. डॉक्टरांचे जेमतेम २० टक्के अंदाज खऱ्याच्या जवळपास होते आणि बहुतेकांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितलं होतं. उलटंही घडतं. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली दोन वर्षं सांगितली होती, ते २०१८ पर्यंत जगले.

ओंजळ यांचं थोडं पटतं. ज्यांना थोडेच दिवस उरलेत हे कळलेलं असतं, ते बोलून घेतात. माफी मागतात, कागदपत्रं कुठे आहेत ते सांगतात, अबोला धरलेल्या भावाला बोलावणं धाडतात. ज्यांच्यापासून घरच्यांनी लपवलेलं असतं त्यांना हे जमत नाही, आणि ते बघताना जीव तुटतो. पण ही आठवड्यांची गोष्ट झाली. अठराव्या वर्षी हातात पडलेली एकोणचाळीस वर्षं म्हणजे निरोप घेण्याची वेळ नव्हे. तेवढ्या लांबून माणूस निरोप घेऊच शकत नाही, नुसता मोजत बसतो.

ओंजळ:
अधिकउणे, खाण आणि युद्धाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, तो मी घेणार. पण मोजत बसण्याचं मला पटत नाही. आपण आताही मोजतोच की. निवृत्तीला किती वर्षं, कर्ज फिटायला किती, मुलं हाताशी यायला किती. फक्त एक आकडा झाकून ठेवतो आणि बाकी सगळे हिशोब त्याच्यावर बेततो.

उंबरठा:
हा प्रयोग कथेबाहेर होऊन गेलेला आहे, आणि मी त्याच्या आत उभा आहे. माझ्या वडिलांना हंटिंग्टनचा, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू मारत जाणारा आनुवंशिक आजार होता. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. दोषाची जागा चौथ्या गुणसूत्रावर आहे हे १९८३ मध्ये कळलं, जनुक हाती लागलं १९९३ मध्ये. तेव्हापासून साध्या रक्ततपासणीने कळतं. त्या जनुकात सीएजी या तीन रासायनिक अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा अधिक असेल, तर आयुष्य पुरेसं मिळाल्यावर आजार होणारच. तारीख मात्र ती चाचणीही सांगत नाही.

चाचणी येण्याआधी विचारलं तेव्हा धोका असलेल्यांपैकी बरेच जण ‘करून घेऊ’ म्हणाले होते. आल्यावर फार थोड्यांनी करून घेतली. मीही नाही केली. ओंजळ, तुम्ही ‘हवी आहे’ इतक्या सहज लिहिलंत, तेव्हा मला माझा एकविसाव्या वर्षाचा मी आठवला. मीही तसंच म्हणायचो.

न करण्यामागे भीती आहेच, पण तेवढंच नाही. माझा निकाल माझा एकट्याचा नसतो. आज माझ्यात दोष आहे असं कळलं तर उद्या माझ्या मुलीच्या डोक्यावर तीच निम्मी शक्यता येऊन बसते, तिने न विचारता. आणि मी नाही म्हणत राहिलो तरी एक दिवस तिने चाचणी केली आणि दोष निघाला, तर माझाही निकाल त्याच कागदावर लागलेला असेल. तुमच्या कथेत प्रत्येकाला आपापली तारीख मिळते, जणू माणसं सुटी सुटी असतात.

विमागणित:
उंबरठा, तुमच्या निर्णयाबद्दल आदर आहे. मी पैशांच्या बाजूने बोलतो, कारण कथेत ही बाजू नेहमी वगळली जाते. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला. ब्रिटिश गणिती गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचं प्रमाण वयाबरोबर चक्रवाढीने चढतं. आजच्या आकडेवारीत ते साधारण आठ वर्षांत दुप्पट होतं. आयुर्विमा यावर उभा आहे: हजार माणसांत यंदा किती जातील हे कळतं, कोण जाईल हे कळत नाही. तेही कळलं तर जास्त जगणाऱ्याने कमी जगणाऱ्याच्या कुटुंबाला सावरणं संपलं. अमेरिकेत २००८ साली जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा आणि नोकरीत भेदभाव करायला बंदी आली, पण आयुर्विमा त्या कायद्याबाहेर राहिला. तुमच्या नायिकेला एकोणचाळीस वर्षांची नोकरी मिळेल. तिच्या शेजारी बसणाऱ्या, चारच वर्षं उरलेल्या मुलाला कोण शिकवेल, कोण कर्ज देईल?

अधिकउणे:
कथा त्या मुलाचीच असायला हवी.

ओंजळ:
उंबरठा, माझं ‘हवी आहे’ मी मागे घेत नाही, पण ते किती स्वस्तात लिहिलं हे मला कळलं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर सावित्री आठवली. नारद वर्षाची मुदत सांगतात ती सावित्रीला आणि तिच्या वडिलांना. सत्यवानाला काहीच माहीत नसतं. तो रोज लाकडं तोडायला जातो, आणि ती दिवस मोजते. शेवटचे तीन दिवस उपाशी उभी राहते, तरी त्याला कारण सांगत नाही. मुदतीचं सगळं ओझं, जी मागे राहणार आहे तिच्यावर.

नवा मसुदा असा करतेय: नायिकेला स्वतःची तारीख कळत नाही, धाकट्या भावाची कळते. त्याला चार वर्षं आहेत आणि शिकायची हौस आहे. फी कुठून भरायची हे तिला ठरवायचंय, आणि घरात कुणाला काय सांगायचं तेही.

रातपाळी:
सांगू दे तिला. त्याला, निदान शेवटच्या वर्षी.

उंबरठा:
त्याने विचारल्याशिवाय नाही.