मदत हवी आहे: दिवाळीनंतर निम्मी शाळा ऊसतोडीला जाते, पालकसभा कुणाची घेऊ?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट ३४. दुसऱ्या सरांकडे मुख्याध्यापकाचा चार्ज, त्यामुळे त्यांचे बरेच दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात आणि तालुक्याच्या फेऱ्यांत जातात. त्या दिवशी पाचही वर्ग माझ्या गळ्यात. पण आजचं रडगाणं ते नाही.

दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या, गाड्या गावात दिसायला लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघं तोडीला, जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. दिवाळी सरली की वस्ती रिकामी. गेल्या हंगामात १५ पोरं आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, गेली, १९ आजी-आजोबांपाशी राहिली. गेलेली परततात गुढीपाडव्याच्या मागंपुढं, म्हणजे परीक्षा तोंडावर आल्यावर.

तिसरीतल्या एकाचं सांगते. आला तेव्हा हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. म्हटलं, बाबांची गाडी किती भरायची रे? "एक खेप दीड टन, दुसरी पावणेदोन. झालं सव्वातीन." तोंडी, एका दमात. पाटीवर ४२ वजा १७ घातलं तर उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. हातचा घेणं शिकवलं तेव्हा तो कारखान्याच्या तळावर होता ना! वाचनात जोडाक्षर आलं की तो शब्द गिळून पुढं जातो. तिसरीअखेर सगळ्यांना समजून वाचता यावं हे सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आमच्याच भिंतीवर रंगवलंय, तारीख २०२६-२७. मी त्या भिंतीकडं पाठ करून बसते.

आता पालकसभा. जुलैत बरी भरते. जानेवारीत चार माणसं आली, त्यातल्या एका आजोबांना वाटलं रेशनचं काहीतरी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, कागदावर सगळं चोख. पण अध्यक्षच फडावर. ठरावाच्या वहीवर सही घ्यायची तर कोल्हापूरच्या बाजूला जावं लागेल. आईबाप तोडीला गेले तरी पोरांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिला होता, मंजुरी आली तोवर टोळ्या निघून गेल्या होत्या.

आणि ज्यांच्याशी बोलायचं त्या आज्या म्हणतात, "बाई, मला मेलीला अक्षर येत न्हाई, मी काय त्याचं बघू?"

तर प्रश्न असा, की आईबाप पाच-सहा महिने शंभरेक कोसांवर आणि घरी निरक्षर आजी, अशा ठिकाणी घराला शाळेशी जोडायचं कसं? आणि मार्चमध्ये परतलेल्यांना दीड महिन्यात नेमकं काय शिकवायचं? भाषणं नकोत, कुणी केलेलं असेल ते सांगा.

प्रतिसाद – शहाणा_पुणेकर
स्पष्ट बोलतो, राग नको. पालकांनाच शिक्षणाची किंमत नसेल तर शिक्षक काय करणार? पोरं मागं ठेवून जाता येतंच की.

धागाकर्ती
राग नाही, पण एकदा येऊन बघा. ज्या घरात आजी नाही किंवा अंथरुणाला खिळलीय, ते पोर ठेवायचं कुणापाशी? सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर नेतात ती खोपीवर तान्हं सांभाळायला. किंमत कळते हो, पण उचल अंगावर असते.

प्रतिसाद – कोयत्याचा_पोरगा
ताई, मी त्यातलाच. चौथीपर्यंत तीन हंगाम फडावर काढले, आता हिंजवडीत नोकरी करतो. माझ्या गुरुजींनी एकच केलं होतं. निघायच्या आदल्या रात्री घरी आले, आईच्या हातात वही दिली आणि म्हणाले, रोज एक पान, काहीबी लिहू दे, आल्यावर मी बघणार. मी ट्रॅक्टरचे नंबर लिहायचो, गावांच्या पाट्या लिहायचो. आल्यावर त्यांनी खरंच पानन्‌पान बघितलं. नसतं बघितलं तर पुढच्या साली मी लिहिलं नसतं.

आणि फोन करायचा तर आईला करा, दिवेलागणीनंतर. बाप गाडी घेऊन कारखान्यावर नंबरात असतो, कधीकधी रात्रभर. आई भाकरी थापत खोपीवर असते. पोराच्या तक्रारी सांगू नका. तो नसला की वर्गात काय सुनं वाटतं, ते सांगा.

प्रतिसाद – निवृत्त_केंद्रप्रमुख
मॅडम, दोन गोष्टी. वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीच्या सुमारास करायचा नसतो. कोण जाणार हे गावाला पोळ्यालाच ठाऊक असतं, उचल घेतानाच. तेव्हाच घरोघर यादी करा, समितीचा ठराव घ्या, आणि अध्यक्ष जाणारे असतील तर उपाध्यक्ष गावात राहणारी निवडा. जाणाऱ्या प्रत्येक पोराला शिक्षण हमी कार्ड द्या (ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं), पण नुसतं देऊन भागत नाही. कारखान्याजवळच्या शाळेत स्वतः फोन करा. एका शिक्षकाचा दुसऱ्याला फोन गेला की पोर दाखल होतं. नुसतं कार्ड दिलं तर ते ट्रंकेतच राहतं.

दुसरं, परतलेल्यांना तिसरीचं पुस्तक पहिल्या पानापासून शिकवत बसू नका. रोज पहिला तास वर्ग मोडा. अक्षर ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, परिच्छेद-गोष्ट वाचणारे तिसरीकडे, मग पोरगं दुसरीतलं असो की पाचवीतलं. गणिताला काड्या आणि दहाचे गठ्ठे. तुमच्या त्या सव्वातीन टनवाल्याला गठ्ठा सोडायला लावा, हातचा आठ दिवसांत येईल. द्विशिक्षकी शाळेला तर ही सोयच आहे.

प्रतिसाद – जात्यावरची_ओवी
आजीला वाचता यायची गरजच काय? माझ्या शाळेत (यवतमाळकडे) आम्ही माता पालक गट केले होते, त्यात निम्म्या आज्याच. काम एवढंच: पोरानं मोठ्यानं वाचायचं, आजीनं ऐकायचं, आणि अडखळला की "पुन्हा म्हण" म्हणायचं. अडखळलेलं कानाला कळतं. आणि सभा शाळेत घेऊ नका. आम्ही पारावर घ्यायचो, उन्हं उतरली की.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते, फार मोठं काही नाही.

सभा मारुतीच्या पारावर घेतली. अकरा आज्या आल्या. मी बोललेच नाही, तीन पोरांना वाचायला लावलं. चौथीतली एक पोरगी "प्रार्थना"ला अडली तर दुसऱ्याच एका आजीनं मागून हाकारलं, "सोडू नगं, पुन्ना म्हण!" आता संध्याकाळी गल्लीतून जाताना हे "पुन्ना म्हण" ऐकू येतं. आजीनं सांगितलेली गोष्ट पोरांनी लिहून आणायची, हे मी त्यात घातलं. एकानं लांडग्याची चार ओळींची गोष्ट आणली. त्यात "आन मंग" सहा वेळा आहे. मी एकही खोडलं नाही.

पहिल्या तासाला वर्ग मोडतेय. सव्वातीन टनवाला हातचा घेतो, पण शून्यावर अजून थांबतो. पाचवीतल्या दोघांना लहानांत बसायची लाज वाटते, म्हणून त्यांना काड्यांचे गठ्ठे बांधायचं काम दिलंय. बांधता बांधता शिकतायत.

निघायला अजून दीड महिना आहे. यादी झाली, यंदा १३ जाणार. प्रस्ताव आठवड्यापूर्वी दिला, पोच घेतलीय. वह्या आणल्यात, आदल्या रात्री घरी जाऊन देणार.

एकच अडलंय. त्यांतल्या चौघांचा कारखाना सीमेपलीकडे, कर्नाटकात. जवळची शाळा कन्नड माध्यमाची. तिथं मराठी शाळा कशी शोधायची, किंवा नसेलच तर त्या चार पोरांचं काय करायचं, हे कुणी केलंय का? बेळगाव, अथणी, चिकोडी भागातलं कुणी असेल तर कृपया लिहा.