विषय: बुकर टी. वॉशिंग्टन शाळेची ऑडिशन आणि डॅलसचा पत्ता

प्रेषक: एक सभासद, प्लेनो

सर्वांना सप्रेम नमस्कार,

आमची मुलगी यंदा सातवीत आहे. गेली सहा वर्षे ती हिंदुस्थानी गायन शिकते. नववीपासून डॅलसच्या बुकर टी. वॉशिंग्टन कला विद्यालयात जाण्याचे तिने मनावर घेतले आहे. तेथे प्रवेश ऑडिशनवर मिळतो आणि डॅलस आयएसडीच्या (म्हणजे डॅलसच्या सरकारी शाळा जिल्ह्याच्या) हद्दीत राहणाऱ्यांना प्राधान्य असते, एवढे समजले. आम्ही उपनगरातल्या प्लेनो आयएसडीमध्ये येतो, परंतु माझ्या दिरांचे घर डॅलसमधल्या लेकवुडला आहे. त्यांचा पत्ता द्यावा, असा विषय घरात निघाला आहे. विचारताना संकोच वाटतो, तरी ज्यांची मुले त्या शाळेत शिकली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. आमच्या पद्धतीचे गाणे तेथे कितपत चालेल, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, डॅलस

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी त्या शाळेच्या नाट्य विभागात चार वर्षे होती, म्हणून लिहितो. आधी पत्त्याविषयी बोलतो आणि स्पष्टच बोलतो: दिरांचा पत्ता देऊ नये. पुण्यात चांगल्या शाळेसाठी मामाच्या घराचे वीजबिल जोडणारे पालक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत आणि त्याकडे कोणी फारसे वाईट नजरेने पाहत नाही, हे मलाही ठाऊक आहे. नियमभंगाचा धोका येथेही आहेच, पण माझा आक्षेप त्याहून वेगळा आहे. ही शाळा डॅलसच्या मुलांसाठी का काढली गेली, हे कळल्यावर तो पत्ता लिहिताना आपलाच हात अडखळेल, असे मला वाटते.

शाळेची जुनी इमारत १९२२ सालची आहे. डॅलसमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असत त्या काळात, १९३९ साली लिंकन हायस्कूल सुरू होईपर्यंत, कृष्णवर्णीय मुलांना शहरात हे एकच हायस्कूल होते. बेसबॉलपटू अर्नी बँक्स येथलाच. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली अशी विभागणी घटनाबाह्य ठरवली, तरी डॅलसमध्ये ती प्रत्यक्षात चालूच राहिली. अखेर १९७० साली सॅम टॅस्बी या पालकाने शाळा जिल्ह्याविरुद्ध दावा लावला. त्या दाव्यात १९७६ साली जो आदेश निघाला, त्यात मॅग्नेट शाळांची तरतूद होती. मुलांना सक्तीने बसमध्ये बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्यापेक्षा, पालक आपणहून मुले पाठवतील अशी शाळा कृष्णवर्णीय वस्तीत काढावी, हा त्यामागचा विचार होता. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक, हे नाव त्यावरूनच पडले. त्याच वर्षी ही जुनी शाळा कला विद्यालय म्हणून नव्याने सुरू झाली. शाळा जिल्ह्यावरची न्यायालयाची देखरेख मात्र २००३ सालापर्यंत उठली नव्हती. म्हणजे येथील जागा हा मुळात शहरातल्या मुलांवर झालेल्या अन्यायाचा परतावा आहे, आणि उपनगरातील सुस्थितीतल्या घराने तो उसन्या पत्त्यावर उचलणे मला तरी पटत नाही.

मुलीसाठी खरोखर तेथे जायचे असेल, तर राहायलाच डॅलसमध्ये यावे. गायिका नोरा जोन्सचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पंडित रविशंकरांची ही मुलगी आईबरोबर ग्रेपवाइन या उपनगरात वाढली. ती पंधरा वर्षांची असताना मायलेकी मध्य डॅलसमध्ये राहायला आल्या आणि त्यानंतर तिने या शाळेत नाव घातले. (आपल्याकडे तिची ओळख अजूनही वडिलांच्या नावाने करून देतात, तिला घडवणारी शाळा कोणाच्या लक्षातही नसते.) ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्ह याच शाळेत असताना नामवंत जॅझवादक विंटन मार्सालिस यांच्या नजरेस पडला. गायिका एरिका बाडू हीसुद्धा येथलीच.

घर पाहताना एक सावधगिरी बाळगावी. टपालाच्या पत्त्यात डॅलस असले म्हणजे घर डॅलस आयएसडीमध्ये असतेच असे नाही. शहराच्या उत्तरेकडील बराच भाग रिचर्डसन, प्लेनो किंवा कॅरोल्टन-फार्मर्स ब्रँच या शाळा जिल्ह्यांत मोडतो, तर ॲडिसन हे वेगळे गाव असूनही त्याचा बराचसा भाग डॅलस आयएसडीमध्ये येतो. भाडेकरार करण्यापूर्वी नेमका पत्ता शाळा जिल्ह्याकडून तपासून घ्यावा.

आता गाण्याविषयी. संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला असे येथे चार विभाग आहेत. गणित, विज्ञान, इतिहास यांतून सुटका नाही. कलेचे तास त्यांच्या जोडीने रोजच्या वेळापत्रकातच असतात. अमेरिकेत गायनाच्या ऑडिशनला तयार गीताबरोबर, ऐकवलेले सूर परत गाणे आणि समोर ठेवलेले स्वरलेखन पाहून गाणे याही गोष्टी सहसा असतात. पहिली आपल्या मुलींना सोपी जाते, कारण गुरूंनी म्हटलेली तान तशीच्या तशी परत म्हणण्याचा त्यांना रोजचा सराव असतो. दुसरीत त्या अडतात. भातखंडे लिपीत बंदिश लिहून घेणाऱ्या मुलीला पाच रेघांचे पाश्चात्त्य स्वरलेखन शिकायला फार काळ लागत नाही. पण ते शिकावे लागते आणि ऑडिशनच्या आदल्या महिन्यात शिकून भागत नाही. आवाज लावण्याची पद्धतही वेगळी आहे. आपली मुले खालच्या पट्टीत खुल्या आवाजात गातात, येथे वरच्या पट्टीत हलका, गोल आवाज अपेक्षित असतो. एखाद्या पाश्चात्त्य गायनशिक्षकाकडे वर्षभर जावे आणि गुरूंना तसे आधीच सांगावे. त्यांना नंतर बाहेरून कळले तर वाईट वाटते.

प्रेषक: एक सभासद, फ्रिस्को

काकांचे पत्र वाचून बरीच माहिती मिळाली, परंतु व्यवहाराची बाजू राहून गेली. टेक्सासमध्ये १९९७ सालच्या कायद्यानुसार वर्गातील पहिल्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळतो आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात तर मर्यादा त्याहूनही कडक आहे. दिवसाचा मोठा भाग तालमीत गेल्यावर क्रमांक कसा टिकायचा? गाणे शनिवार-रविवारी शिकता येते. चांगल्या शाळा जिल्ह्यातले घर सोडून भाड्याने राहणे मला तरी उलटा प्रवास वाटतो.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, डॅलस

शंका रास्त आहे. क्रमांक प्रत्येक शाळेचा स्वतंत्र असतो, हे मात्र लक्षात घ्यावे. प्लेनोच्या मोठ्या सीनियर हायस्कूलमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत येण्यासाठी मुले कोणकोणते विषय घेतात आणि किती रात्री जागतात, हे आपण जाणताच. तेथेही हमी नाही. माझी मुलगी पहिल्या दहा टक्क्यांत नव्हती. ती आज रंगमंचाची प्रकाशयोजना करून पोट भरते. तिच्या आईला ही गोष्ट अभिमानाने सांगता येऊ लागायला मात्र सहा वर्षे लागली. ज्या मुलीला गाणे शनिवार-रविवारपुरते पुरते, तिच्यासाठी घर बदलू नये, याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. या मुलीला ते पुरते की नाही, हे ठरवण्यास आठवीतल्या ऑडिशनपर्यंत वेळ आहे.

प्रेषक: एक सभासद, प्लेनो

काका, मनापासून आभार. आपले पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवले; दिरांनी पत्त्याचा विषय स्वतःच मिटवला. शनिवारी मुलीला घेऊन डार्ट या शहरी रेल्वेच्या रेड लाइनने पर्ल/आर्ट्स डिस्ट्रिक्ट स्थानकावर उतरलो आणि शाळेपर्यंत चालत गेलो. जुन्या विटांच्या इमारतीला लागून २००८ सालची नवी वास्तू उभी आहे आणि पुढे त्याच रस्त्यावर ऑपेरा हाउस. मुलगी पायऱ्यांवर बराच वेळ बसली होती. घर सध्या बदलत नाही. पाच रेघांच्या लेखनासाठी शिक्षक शोधत आहोत; प्लेनो किंवा रिचर्डसन भागात कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.