भूतान: रात्रीचे १२०० रुपये मोजायचे कशाला?

हिशेबनीस
दिवाळीनंतर भूतानचा बेत आहे. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात). काल वही घेऊन बसलो आणि घोडं अडलं. तिथे भारतीयांना माणशी, दर रात्री १२०० रुपये एसडीएफ भरावा लागतो, म्हणजे शाश्वत विकास शुल्क. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मा. सहा रात्रींचे आम्हा तिघांचे २१,६०० आणि पोरीचे ३,६००. पंचवीस हजार दोनशे! यात ना खोली, ना जेवण, ना गाडी. तेवढ्यात सिक्कीम झकास होतं. डोंगर तेच, मोमो तेच. मला तर हा सरळ जिझिया कर वाटतो.

रानवाट
युरोप-अमेरिकेतल्या माणसाला तिथे रात्रीचे १०० डॉलर पडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडली तेव्हा २०० होते, वर्षभराने निम्मे केले. आपल्याला त्या मानाने सवलतच आहे. आणि कर लागायच्या आधी आपण काय दिवे लावले? २०१९ मध्ये दोचूला खिंडीत आपल्याच महाराष्ट्रातला एक बायकर छोर्तेनवर, म्हणजे तिथल्या बौद्ध स्तूपावर, चढून उभा राहिला. फोटो व्हायरल झाला, मग माफीनामा. तिथल्या १०८ छोर्तेन लढाईत गेलेल्यांच्या आठवणीत बांधल्यात हो. त्यांनी गर्दीला चाळणी लावली तर बिघडलं कुठे?

चहाबाज
म्हणजे खिशात पैसे असले की संस्कार आपोआप येतात का? १२०० परवडणाराच माणूस महागड्या बाईकवर बसून येतो. चाळणीतून गळतो तो दोन वर्षं पैसे साठवून आईवडिलांना फिरवणारा कारकून. कर लावा, पण ही चाळणीची भाषा नको.

रानवाट
हे मान्य. तरी कर रद्द करा असं मी म्हणणार नाही.

मिरजकर काकू
तुम्ही भांडत बसा, मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जाऊन आले. हिशेबनीस, आईंना न्यायचं ठरलंय ना? मग सिक्कीमशी तुलना पैशांची नका करू, उंचीची करा. सिक्कीमला गेलं की नथुला खिंड, गुरुडोंगमार तलाव कुणाला सुटत नाही, आणि गुरुडोंगमार पाच हजार मीटरच्या वर आहे. आमच्या ग्रुपमधले एक काका मागे तिथे गाडीतच ऑक्सिजनचा डबा तोंडाला लावून बसले होते. भूतानात पारो आणि थिंफू दोन्ही सव्वादोन-अडीच हजारांच्या आत, पुनाखा तर बाराशेच्या आसपास. झोप लागते, जेवण जातं.

ताक्त्सांगला, म्हणजे पारोजवळच्या त्या कड्यावरच्या मठाला, मात्र आईंना आग्रह करू नका. घोडं मिळतं, पण अर्ध्या वाटेपर्यंत, ते कॅफेटेरिया आहे तिथवर. उतरताना घोडं नाही. पुढे दरीत उतरणाऱ्या आणि परत चढणाऱ्या पायऱ्या. मी कॅफेटेरियातच बसून राहिले, समोरच्या कड्याला चिकटलेला मठ बघत दोन कप चहा झाला. काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

खाण्याचं: एमा दात्शी मागवाल तर मिरची ही तिथे फोडणीला नसते, भाजीच मिरचीची असते, चीजमध्ये. आमच्या ह्यांनी तोऱ्यात ‘कोल्हापूरचा आहे’ म्हणून खाल्ली आणि मग अर्धा तास नुसता भात.

हिशेबनीस
काकू, तुम्ही माझी वही बिघडवलीत! बरं, विमान सोडून रस्त्याने गेलो तर?

मिरजकर काकू
सिलिगुडीजवळचं बागडोगरा ते फुंत्शोलिंग गाडीने चारेक तास. पहिली रात्र तिथेच काढा, सीमेवरच्या त्या गावात पहिल्या २४ तासांना एसडीएफ नाही. म्हणजे सहातली एक रात्र वाचली, चौघांचे मिळून ४,२०० रुपये. पारो-थिंफू आपलं आपण फिरता येतं, पुनाखासाठी गाइड लागतो, तो खर्च मांडा. तिथलं चलन, ङुल्त्रुम, रुपयाच्या बरोबरीचं, पण शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मला एका दुकानदाराने ५०० ची परत केली. उरलेले ङुल्त्रुम सीमेच्या आपल्या बाजूच्या जयगावातच संपवा, मिरजेत कुणी घेणार नाही.

आणि कागद! आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, पोरीचा जन्मदाखला. आमच्यापुढे एक कुटुंब आधार दाखवत उभं होतं, त्यातल्या काकांचा चेहरा अजून आठवतो.

चहाबाज
२५ हजारांतले ४ हजार वाचले म्हणून टाळ्या वाजवायच्या? मी नेपाळला जातो. तिथे असला कर नाही, पशुपतिनाथ होतो वर.

रानवाट
जा की. काठमांडूत रस्ता ओलांडताना थिंफूची आठवण काढा. तिथे एकही सिग्नल नाही, आणि पाऊल खाली टाकायच्या आत गाडी थांबते.

हिशेबनीस
घरात मतदान झालं, तीन विरुद्ध एक. जातोय. पण आईला पासपोर्ट नाही आणि मतदार ओळखपत्रावर वय ६८ च्या जागी ८६ छापलंय. चालेल का?

मिरजकर काकू
आत्ताच दुरुस्तीला टाका. दिवाळीनंतर निघायचंय ना?